गाळलेल्या चार ओळी

खालची वस्ती, कोल्हारजवळ
ता. १६ जानेवारी १९७२

गोरक्षदादा,

तुझ्या कार्डात नमस्कार नव्हता म्हनून मीबी घालीत न्हाई.

कार्ड पोस्टमननं शेजारच्या कडूबाईच्या हातात दिलं. तिनं ते पानंदीनं येताना चार घरी दाखावलं. कुनाला वाचता येत न्हाई म्हनून बरं, न्हाईतर तुझ्या चुलतीला तू काय काय लिहितोस ते सगळ्या वस्तीला कळालं असतं.

तू लिहितोस, आबांचा निरोप हाय, आईनं सोसायटीच्या मिटिंगला सवता जायचं न्हाई. दादा, तुझे वडील ऱ्हात्यात वरच्या वस्तीवर, आमी खालच्या. मधी दोन वावरं. आबा खाकरले तरी आमाला ऐकू येतंय. पर आई भायापुढं बोलत न्हाई, आन आबा धाकट्या भावजयीशी बोलत न्हाईत. म्हनून त्यांचा निरोप पस्तीस मैल नगरला जातो, तुझ्या बोर्डिंगात, आन तिथनं तिकीट लावून परत पस्तीस मैल येतो. पोस्टखात्याचं बरं चाललंय आपल्यावर.

आता काय झालं ते नीट ऐक, कारन तुला आबांनी अर्धंच सांगितलेलं दिसतंय.

आमचे बापू दसऱ्याला वारले. दूध सोसायटीत सात डायरेक्टर, त्यात बापू एक. आबा चेअरमन. बापूंच्या जागी आबांनी आईला घेतलं. तू म्हनतोस उपकार केले. उपकार न्हाई. ती जागा मोकळी ऱ्हायली असती तर आबांच्या इरोधातल्या पुंजारामकाकांनी आपला मानूस घातला असता, म्हनून आई. राधाकृष्ण सेक्रेटरी ठरावाची वही घेऊन घरी यायचा, उंबऱ्यावर ठेवायचा, "मालनबाई, इथं अंगठा" म्हनायचा, आन आई शेनाचा हात पदराला पुसून अंगठा द्यायची. तीनदा आसं झालं. चौथ्यांदा आई म्हनली, "मने, काय लिवलंय वाच की." मी वाचलं. लिवलं हुतं, खालच्या वस्तीवर दूध घ्यायचं बंद करून सगळ्यांनी वरच्या वस्तीवर आनून घालावं, याचा इचार करायचा.

वरची वस्ती म्हंजी तुमचा वाडगा. मधी दोनच वावरं आसली तरी ओढ्याला वळसा घालून वाट दीड मैल, सगळी चढन. आमच्या खालच्या तीस घरातल्या बाया दोनदा डोक्यावर किटली घेऊन जानार, आन आबांच्या दारात रांगेत हुभ्या ऱ्हानार. आईनं अंगठा दिला न्हाई. पुढच्या मिटिंगला ती गेली. खुर्ची रिकामी हुती, ती बसली. येवढंच झालं.

दिवाळीला तू आलास तवा मी दाराआड हुते, तुझ्यासंगं एक शब्द बोलले न्हाई. कुनापुढंच बोलत न्हाई, तुला ठाऊक हाय. कागदावर लाज वाटत न्हाई, हे मलाबी आत्ताच कळालं.

मनकर्णा


बोर्डिंग, नगर
ता. २८ जानेवारी १९७२

मनकर्णा,

सातवीतून शाळा सोडलेल्या मुलीनं मला सोसायटी शिकवायची म्हणजे कमाल आहे. पत्र काकीनं सांगितलं आणि तू लिहिलंस, की तुझीच जीभ एवढी वाढली? घरात तर तुझ्या तोंडात मूग असतात.

डायरेक्टर म्हणजे काय हे तुला माहीत आहे का? आम्हाला कॉमर्सला हा विषय आहे. परवा सरांनी मुंबईच्या मोठमोठ्या कंपन्यांच्या डायरेक्टरांच्या याद्या वाचून दाखवल्या. गिरण्या, कारखाने, सगळं. तासभर वाचत होते. एक बाई निघाली सगळ्यात, तीसुद्धा मालकाची बायको, आणि सर म्हणाले ती कधी मिटिंगला येत नाही, कागद बंगल्यावर जातात. सगळा वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण मला आपली सोसायटी आठवली. मुंबईची शिकलेली बाई घरी सही करते, आणि माझी चुलती म्हैस पिळून, पदराला शेणाचा वास घेऊन, आबांच्या समोर खुर्चीवर बसते! आबा त्या दिवशी जेवले नाहीत. भावजय आपल्या बरोबरीनं खुर्चीत बसलेली बघायची वेळ आली, म्हणाले.

मार्चमध्ये चेअरमनची निवडणूक आहे. आबांकडे तीन, पुंजारामकाकांकडे तीन. काकीचं मत आबांना. यात विचारायचं काही नाही, सांगतो आहे. ते झालं की तिनं घरी बसावं, वही पूर्वीसारखी घरी येईल. खालचं दूध बंद होणार म्हणजे होणार. चालल्यानं बायका मरत नाहीत.

आणखी एक. आबा बापूंच्या माघारी तुझं बघत आहेत. घोडेगावचं स्थळ आहे, मुलगा एसटीत कंडक्टर. ते लोक बघायला येतील. नीट वाग. त्यांच्यापुढं तरी ही पत्रातली जीभ काढू नकोस.

गोरक्षनाथ


खालची वस्ती
ता. २० फेब्रुवारी १९७२

गोरक्षदादा,

घोडेगावची मानसं येऊन गेली. पाच जन आले. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला चालायला लावलं, वळायला लावलं, हात बघितलं. त्यांच्या गावात जनावरांचा बाजार भरतो, त्या सवयीनं बघितलं आसंल. दात तेवढे बघायचे ऱ्हायले. मुलगा मातर सारखा खाली बघत हुता, चहाची बशी हातात घेऊन तशीच बसला, चहा थंड झाला. माज्यासारखाच लाजाळू हाय. जाताना चप्पल शोधायला वाकला तवा मी दाराआड हुते, त्यानं बघितलं आन हसला. मला तो आवडला. हे तुला का लिहिते कुनास ठाऊक. दुसरं कुनी लिहायला न्हाई म्हनून आसंल.

आबांनी ते स्थळ बघितलं याबद्दल आईनं त्यांचे उपकार मानलेत. तसं लिही म्हनली, लिवलं.

आता तुझ्या कंपन्यांचं. आईला वाचून दाखावलं. ती म्हनली, "इचार त्याला, त्या मुंबईच्या डायरेक्टर लोकांच्या म्हशी कोन पिळतं?" मी म्हनलं, त्यांच्याकडं म्हशी नसत्यात. तर म्हनली, "मंग बसू दे त्यांना एकट्यांना. आमची सोसायटी दुधाची हाय. सातातल्या सहा डायरेक्टरांना आपली म्हैस हात लावू देत न्हाई, त्यांनी हात उचलायचा, आन मी नुसतं पिळायचं?"

मिटिंगमधी काय चालतं तुला ठाऊक न्हाई, तू कधी आला न्हाईस. मला ठाऊक हाय. आमच्या वस्तीवरची दूध घ्यायची खिडकी ऑफिसच्याच भिंतीला हाय, मी किटली घेऊन तिथं हुभी ऱ्हाते, आतलं सगळं ऐकू येतं. सहा मानसं एकामागं एक तंबाखू थुकायला उठत्यात. हॉटेलातनं चहा येतो, सात मानसं हायेत तर कप सहाच येत्यात. पैल्यांदा मला वाटलं चुकून. तीन मिटिंगा झाल्या, सहाच. परवा आईची खुर्ची उचलून बाहीर ठेवली हुती आन आत तरट आंथरलं हुतं तिच्यासाठी. आई बाहीर गेली, खुर्ची सवता उचलून आत आनली आन बसली. पुंजारामकाका बोलले, "आता सोसायटीत कुंकवाची डबीबी ठिवा." सगळे हसले. आबाबी हसले, दादा. आपल्या घरची बाई, इधवा बाई, आन आबा त्या पुंजारामसंगं हसले.

आईनं येऊन माज्याकडनं कपभर चहा मागून पिला, आन म्हनली, "उद्या धारा लौकर काढू."

मनकर्णा


बोर्डिंग, नगर
ता. ३ मार्च १९७२

मनकर्णा,

फालतू गोष्टी बंद कर आणि हे लक्ष देऊन वाच, काकीलाही वाचून दाखव.

निवडणूक १९ तारखेला आहे. सहकार खात्याचे साहेब येऊन घेणार. नेहमी चिठ्ठ्या टाकतात. मी आबांना सांगितलं, चिठ्ठी नको. चिठ्ठीत बाईमाणूस आत काय करील आणि बाहेर काय सांगील, नेम नाही. खुलं मतदान मागा. प्रत्येकानं साहेबांपुढं उभं राहून, ज्याला मत द्यायचं त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि साहेबांनी ते लिहायचं. तसा अर्ज मीच इथून लिहून दिला आणि तो मंजूरही झाला. आबा म्हणाले, पोराला शिकवल्याचं चीज झालं.

आता आबांच्या तोंडासमोर उभं राहून पुंजारामाचं नाव घ्यायची काकीची छाती होते का, तेवढंच मला बघायचं आहे. म्हणून मुद्दाम सुट्टी काढून मीही त्या दिवशी येणार आहे.

काकीला काही लांबलचक बोलायचं नाही. साहेब विचारतील, तिनं आबांचं नाव घ्यायचं आणि बसायचं. तिच्याकडून दोन-तीनदा म्हणवून घे, म्हणजे ऐन वेळी अडखळणार नाही. एवढं तरी काम कर.

गोरक्षनाथ


खालची वस्ती
ता. २३ मार्च १९७२

गोरक्षदादा,

तू मिटिंगला आलास, दाराशी हुभा हुतास, आन निकाल ऐकून माज्याकडं न बघता सरळ स्टँडवर गेलास. मी खिडकीपाशीच हुते. तू बघितलंस तेच मी बघितलं, तरी लिहिते. आबा तुला दुसरंच सांगतील आन तू तेच खरं मानशील.

दोघांनी आबांचं नाव घेतलं. आबांनी सवताचं सवता घेतलं, छाती फुगवून. तिघांनी पुंजारामचं घेतलं. साहेब म्हनले, "मालनबाई कानिफनाथ." आई हुभी ऱ्हायली. पदर पार नाकापतूर. साहेब म्हनले, "बोला बाई, नाव घ्या." आई गप. साहेब परत म्हनले. आई गप. राधाकृष्ण म्हनला, "घाबरल्यात साहेब." आन मंग आबा बोलले. वीस वर्सांत पैल्यांदा आबा आईशी बोलले. "अगं, घे की नाव! साहेब काय खात न्हाईत तुला!"

आई म्हनली, "थोरल्यांचं नाव घरात कधी घेतलं न्हाई. हितं चार मानसांत कसं घिऊ? लोक काय म्हनतील?"

साहेब बिचारे लांबचे, त्यांना आधी काय कळंना. राधाकृष्णानं त्यांच्या कानात सांगितलं, का बाई चेअरमनसाहेबांची धाकटी भावजय हाय, भायाचं नाव घ्यायची रीत न्हाई. साहेबांनी कपाळ पुसलं. म्हनले, "चिठ्ठी द्या यांना." तर आबांचाच मानूस म्हनला, "चिठ्ठी न्हाई, अर्ज मंजूर हाय, नाव घ्यायचं ठरलंय!" तो तुझाच अर्ज, दादा. साहेब म्हनले, "मग ज्याचं नाव घेता येतं त्याचं घ्या आणि मला मोकळं करा."

आई म्हनली, "पुंजाराम."

येवढंच झालं.

तू हुशार हायेस. मोठं गनित मांडलंस. पर आपल्या घरात तुझी आई, माझी आई, कुनीच आबांचं नाव तोंडानं घेत न्हाई, हे तुला एकोनीस वर्सांत दिसलं न्हाई. जे नाव आमी घ्यायचं न्हाई, ते तुमाला रोज ऐकू येतं, म्हनून.

तुझं ३ तारखेचं पत्र मी आईला वाचलं तवा ती म्हनली, "ते परत वाच." मी परत वाचलं. ती हसली आन भाकरी थापायला गेली. "दोन-तीनदा म्हनवून घे" हे तुझं सांगनं तेवढं माज्याच्यानं झालं न्हाई. मी हे तुला आधी कळवू शकले असते. कळावलं न्हाई.

मनकर्णा


बोर्डिंग, नगर
ता. २ एप्रिल १९७२

मनकर्णा,

म्हणजे ठरवून केलंत. आई आणि लेक, दोघींनी मिळून, घरच्या माणसाची चारचौघांत शोभा केलीत. साहेबसुद्धा बाहेर येऊन हसले. माझ्या वर्गात आपल्या भागातली दोन पोरं आहेत, त्यांनी बोर्डिंगात येऊन माझ्या आधी सगळ्यांना सांगितलं. आता मला इथं "नाव घे, नाव घे" म्हणून हाक मारतात.

रीत पाळली म्हणे! खुर्चीवर बसताना कुठं गेली होती रीत?

सोबत कागद पाठवला आहे. राजीनामा आहे, मी टाइप करून आणला. 'घरगुती अडचणीमुळे मला संचालक मंडळाचे काम पाहणे शक्य नसल्याने' वगैरे. काकीनं अंगठा द्यायचा आणि सेक्रेटरीकडे पाठवायचा. आठ दिवसांत.

आणि घोडेगावला आबांनी निरोप धाडला आहे, की या मुलीच्या लग्नात आम्ही वडीलधारे म्हणून उभे राहणार नाही. ज्या घरात वडील नाही आणि चुलताही उभा राहत नाही, तिथं कोण सोयरीक करतो? ते लोक समजायचं ते समजले. आता लिही पाहिजे तेवढी पत्रं.

गोरक्षनाथ


खालची वस्ती
ता. १२ एप्रिल १९७२

गोरक्षदादा,

घोडेगावचं कळालं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. दोन दिवस मी गोठ्यातच जास्ती बसले. तुझ्या मनासारखं झालं.

राजीनामा आईला वाचून दाखावला. ती म्हनली, "घरगुती अडचन कुठली ते त्यात लिवलंय का?" मी म्हनलं न्हाई. ती म्हनली, "मंग त्याला म्हनावं, अडचनीचं नाव लिही. घरच्या मानसाचं नाव तुला तरी घेता येतं न्हवं?"

कागद परत पाठवते. एका बाजूनं कोरा हाय, तुझ्या अभ्यासाला हुईल.

मनकर्णा


बोर्डिंग, नगर
ता. २० जून १९७२

मनकर्णा,

दोन महिने तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण आता लिहायला मजा येते आहे.

तुझ्या आईनं ज्याला चेअरमन केलं ते पुंजारामकाका परवा आमच्या ओट्यावर बसून आबांबरोबर जेवून गेले. सात वर्षांची दुश्मनी एका जेवणात संपली. का, माहीत आहे? पुंजारामकाका म्हणाले, "सहादेवराव, तुम्ही-आम्ही भांडलो तर पुरुषासारखे भांडलो. पण ही बाई दर मिटिंगला येऊन विचारती, हे काय, ते काय. बोलायची सोय राहिली नाही." म्हणजे तुमच्या मतावर चेअरमन झालेला माणूससुद्धा तुम्हाला कंटाळला. आता एका बाजूला सहा आणि एका बाजूला काकी.

२ जुलैला ठराव आहे. पाऊस लांबला, चारा नाही, दूध कमी झालं, तेव्हा खालच्या वस्तीवर गाडी पाठवणं परवडत नाही. दूध वरच्या वस्तीवरच घेणार. सहा मतांनी होईलच. पण गाडीचा रस्ता बदलायला तालुक्याच्या ऑफिसला ठराव पाठवावा लागतो आणि तो 'सर्वानुमते' असला तर तिथं कोणी विचारत नाही. एकानं विरोध लिहिला की ते चौकशीला माणूस पाठवतात आणि सगळं अडकून बसतं. म्हणून काकीचा अंगठा हवा.

काकीला सांग, मिटिंगला यायची तसदी घेऊ नकोस. १ तारखेला राधाकृष्ण वही घेऊन घरी येईल.

त्याबदल्यात आबा घोडेगावला स्वतः जायला तयार आहेत. ते लोक अजून थांबलेले आहेत. मुलानं दुसरी मुलगी बघायला नाही म्हटलं असं ऐकतो. आबा उभे राहिले तर दिवाळीनंतर लग्न होऊन जाईल. काकीनं अंगठा दिला की दुसऱ्या दिवशी आबा गाडी धरतील, हा माझा शब्द.

हे सगळं तिला नीट वाचून दाखव.

गोरक्षनाथ


खालची वस्ती
ता. ९ जुलै १९७२

गोरक्षदादा,

राधाकृष्ण १ तारखेला वही घेऊन आला. उंबऱ्यावर ठेवली. आई म्हनली, "उचल ती. उद्या तिथं येऊन बघते." तो म्हनला, "मालनबाई, चेअरमनसाहेबांनीच धाडलंय, पुंजारामभाऊंनी. तुमचाच मानूस." आई म्हनली, "माझा कुठला? माझ्या तोंडात तेवढंच नाव बसलं म्हनून तो झाला."

२ तारखेला ती गेली. ठराव वाचला. आई म्हनली, माझा इरोध लिवा. पुंजारामकाका म्हनले, इरोध लिवायची आपल्याकडं पद्धत न्हाई, आजवर एकाबी पानावर इरोध न्हाई. आई म्हनली, मंग आजच्या पानापासनं लिवा. राधाकृष्णानं आबांकडं बघितलं, पुंजारामकाकांकडं बघितलं, आन पेन खिशात घातलं. तर आई बसूनच ऱ्हायली. म्हनली, लिवल्याबिगर मी उठत न्हाई, आन माझा अंगठा उमटत न्हाई तवर मिटिंग संपत न्हाई.

दुपार झाली. दिवस कलला. धारेची येळ झाली. आन दादा, मला हसू आवरंना. सहाच्या सहा जनांच्या बायका त्या दिवशी कुठं हुत्या ठाऊक हाय? आमच्या वस्तीवर, कडूबाईच्या पोरीच्या वटीभरनाला. तुझी आईबी. एकबी जागची उठंना. म्हशी गोठ्यात वरडाया लागल्या, वरच्या वस्तीवरनं इथंपतूर ऐकू येत हुत्या. घरोघरची पोरं येऊन हाका मारायली, "तात्या, म्हस वरडती!" पिळतो कोन? डायरेक्टर लोक एकमेकांकडं बघाया लागले. आमची म्हस मी पिळून मोकळी झाले हुते.

शेवटी पुंजारामकाका म्हनले, "लिव रे बाबा, लिव, आन सोड आमाला." राधाकृष्णानं लिवलं: ठराव सहा विरुद्ध एक मतानं मंजूर. मालनबाई कानिफनाथ यांचा विरोध. आईनं ते माज्याकडनं खिडकीतनं वाचून घेतलं, मंगच अंगठा दिला. मला तोंड उघडाया लागलं, सगळ्या मानसांसमोर. माझा आवाज लई बारीक निघाला. पर वाचलं.

आता तालुक्याच्या ऑफिसातनं चौकशीला मानूस यायचा हाय. तवर गाडी खालीच येते.

तू म्हनशील, घोडेगावचं काय? आसं बघ. तुझ्या पत्रातल्या त्या चार ओळी मी आईला वाचल्याच न्हाईत. 'त्याबदल्यात' पासनं 'हा माझा शब्द' पतूर. बोट ठिवून पुढं गेले. तुला वाटलं आईपुढं लेकीचं लगीन टाकलं का ती वाकंल. ती वाकली आसती का न्हाई ते मला ठाऊक न्हाई. म्हनून मी तिच्यापतूर जाऊच दिलं न्हाई. मुलगा थांबलाय हे मी एकटीनं वाचलं, सात-आठदा वाचलं, आन पत्र भिंतीतल्या कोनाड्यात ठिवलं.

आता तुमाला द्यायला काय ऱ्हायलं न्हाई.

मनकर्णा


बोर्डिंग, नगर
ता. २५ जुलै १९७२

मनकर्णा,

काही तरी राहिलं होतं.

रविवारी गावी आलो होतो. तू कडूबाईकडं गेली होतीस. मी काकीच्या दारात उभा राहिलो आणि तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. पूर्ण. एक ओळ न गाळता. शेवटच्या परिच्छेदाला तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. सूप हातातून खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "जा तू आता."

ज्या आईसाठी तू एवढं केलंस, तिला आता कळलं की तिची लेक तिला काय वाचून दाखवायचं आणि काय नाही ते ठरवते. आम्हाला नावं ठेवत होतीस ना? काय झालं घरात ते ऐकायला मी उत्सुक आहे.

गोरक्षनाथ


खालची वस्ती
ता. ८ ऑगस्ट १९७२

गोरक्षदादा,

तुला ऐकायचं हुतं तर ऐक.

आईनं मला मारलं न्हाई. त्यापरीस मारलं आसतं तर बरं झालं आसतं. दोन दिवस ती माज्याशी बोलली न्हाई. भाकरी वाढायची आन तोंड फिरवायची. आमच्या घरात दोनच मानसं, त्यात एकानं बोलायचं न्हाई म्हंजी काय हुतं ते तुला कळायचं न्हाई.

तिसऱ्या दिवशी बोलली. म्हनली, "आजून काय काय गाळलंस?" मी म्हनलं, येवढंच, तुझी आन. ती म्हनली, "आन घेऊ नको. मला खरं-खोटं कळायला मार्ग न्हाई."

मी म्हनलं, आई, मी तुझ्यासाठी केलं, खालच्या तीस घरांसाठी केलं. तर म्हनली, "राधाकृष्ण वही न वाचता अंगठा घ्यायचा, तोबी म्हनायचा तुमच्याच भल्याचं हाय. तू येगळं काय केलंस? लेकीचं लगीन एका पारड्यात आन तीस घरं दुसऱ्यात. ते मी तोलायचं हुतं. मी कदाचित अंगठा दिला आसता. कदाचित दिला नसता. डायरेक्टर मी हाय का तू?"

तुझ्यापुढं मी चुकले न्हाई, तिच्यापुढं चुकले. यात फरक हाय, तो तुला कळला न्हाई तरी चालंल.

मंग तिनं माझी जुनी पाटी कनगीमागनं काढली, फुटकी, पुसली, आन माज्यासमोर मांडी घालून बसली. मला वाटलं तिला दया आली. न्हाई. म्हनली, "शिकीव. तुझ्यावर इस्वास ऱ्हायला न्हाई म्हनून शिकते. पुढची वही माझी मी वाचीन, पुढची पत्रंबी." रोज सकाळची धार झाली का बसती. चुकली का माज्यावरच डाफरती. तुझं २५ तारखेचं पत्र तिनं मागून घेतलंय, एकेक अक्षर लावती हाय, चार दिवसांत दुसऱ्या ओळीवर आलीय.

घोडेगावला काय कळवायचं ते ती कळवील, माज्याकडनं लिवून घेनार न्हाई म्हनली. तोवर थांबला तर थांबला.

तवा दादा, हितनं पुढं काय लिहायचं ते तिच्याच नावानं लिही, मोठ्या अक्षरात. जोडाक्षरं तिला आजून लागत न्हाईत, शिव्या सोप्या घाल.

मनकर्णा